रडार उपस्थिती संवेदक

रडार उपस्थिती संवेदक हे खोलीत माणूस आहे किंवा नाही हे रेडिओ तरंगांच्या परावर्तनावरून ठरवणारे एक छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. स्मार्ट घरांमध्ये दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे माणसाच्या असण्या-नसण्यानुसार आपोआप चालू-बंद करण्यासाठी त्याचा प्रामुख्याने वापर होतो. चालता-फिरता माणूस ओळखणारी उपकरणे पूर्वीपासून प्रचारात आहेत. मात्र पुस्तक वाचत बसलेला किंवा झोपलेला माणूसही केवळ श्वासोच्छ्वासामुळे होणाऱ्या छातीच्या हालचालीवरून ओळखता येणे, हे या संवेदकाचे वैशिष्ट्य होय. घरगुती वापराचे बहुतेक संवेदक २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतेवर चालतात. त्यांना सरसकट 'मिलिमीटर तरंग संवेदक' म्हणण्याचा प्रघात आहे. काटेकोरपणे पाहिल्यास २४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.५ मिलिमीटर, म्हणजे सेंटिमीटरहून थोडी अधिक भरते, त्यामुळे हे नाव ६० गिगाहर्ट्झच्या संवेदकांनाच खऱ्या अर्थाने लागू पडते.

संज्ञा

या विषयात हालचाल आणि उपस्थिती या दोन कल्पनांतील भेद महत्त्वाचा आहे. हालचाल ही क्षणाची घटना असते, तर उपस्थिती ही काही काळ टिकणारी स्थिती असते. मराठीतील 'चाहूल' हा शब्द पहिल्या कल्पनेच्या जवळ जातो आणि 'हजेरी' हा दुसऱ्या कल्पनेच्या. जुने संवेदक चाहूल घेत असत आणि त्यावरून हजेरीचा अंदाज बांधत असत. रडार संवेदक हजेरीच मोजण्याचा प्रयत्न करतो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत 'मोशन', 'ऑक्युपन्सी' आणि 'प्रेझेन्स' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरलेले आढळतात. त्यामुळे शीर्षकापेक्षा उपकरणाचे कार्यतत्त्व पाहूनच त्याची जात ओळखणे श्रेयस्कर ठरते.

पार्श्वभूमी

घरे व कार्यालये यांमध्ये सर्वाधिक रूढ असलेला संवेदक म्हणजे निष्क्रिय अवरक्त संवेदक. तो पीआयआर या आद्याक्षरांनी ओळखला जातो. मानवी त्वचेतून सतत उष्णतेचे अवरक्त प्रारण बाहेर पडत असते आणि त्याची तीव्रता ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. पीआयआर संवेदकात तापमानातील बदलाने विद्युतभार निर्माण करणाऱ्या स्फटिकाचे दोन तुकडे एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. समोरचे प्लॅस्टिकचे खाचा असलेले भिंग खोलीचे अनेक पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आधी एका आणि मग दुसऱ्या तुकड्यावर उष्णता पडते व संदेश निर्माण होतो. माणूस स्थिर बसला, तर दोन्ही तुकडे समतोल राहतात आणि संवेदक मुका होतो.

यामुळेच अभ्यासिकेत किंवा शौचालयात बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचा दिवा अचानक विझतो आणि त्याला हात हलवून तो पुन्हा लावावा लागतो. विलंबकाळ वाढवणे हा त्यावरील नेहमीचा उपाय. पण विलंब वाढवला की माणूस निघून गेल्यावरही दिवा तितका वेळ जळत राहतो. पीआयआरचा दुसरा दोष उष्ण प्रदेशांत जाणवतो. खोलीतील भिंती व हवा त्वचेइतकीच तापली की माणूस आणि पार्श्वभूमी यांतील फरक पुसट होतो. विदर्भातील मे महिन्यात, जेव्हा बाहेरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते, तेव्हा वातानुकूलन नसलेल्या खोलीत पीआयआरचा पल्ला स्पष्टपणे घटतो. रडारवर तापमानातील अशा फरकाचा परिणाम होत नाही.

इतिहास

रेडिओ तरंग वस्तूंवरून परावर्तित होतात हे हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रयोगाने दाखवले. त्यानंतर काही वर्षांतच कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात जगदीशचंद्र बोस यांनी अत्यंत लहान तरंगलांबीच्या लहरींवर काम केले. सुमारे ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण करून त्यांचे परावर्तन, अपवर्तन व ध्रुवीकरण त्यांनी अभ्यासले आणि १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची प्रात्यक्षिके सादर केली. ५ मिलिमीटर ही ६० गिगाहर्ट्झची तरंगलांबी आहे. म्हणजे आज बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात बसणारी डबी ज्या लहरी वापरते, त्या बोस यांच्या प्रयोगशाळेत सव्वाशे वर्षांपूर्वीच हाताळल्या गेल्या होत्या.

जर्मन संशोधक क्रिस्टियान ह्युल्समायर यांनी १९०४ मध्ये जहाजांची टक्कर टाळण्यासाठी परावर्तित तरंगांवर चालणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी डॅव्हेन्ट्रीजवळ विमान शोधण्याचा प्रयोग यशस्वी केला आणि दुसऱ्या महायुद्धात रडारचा झपाट्याने विकास झाला.

विमानाऐवजी माणसाचा श्वास टिपण्याची कल्पना पुढे वैद्यकीय संशोधनातून आली. जेम्स लिन यांनी १९७५ मध्ये सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने, शरीराला स्पर्श न करता श्वसन मोजण्याच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. १९९० च्या दशकात लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत टॉमस मॅकइवन यांनी अत्यल्प विजेवर चालणारे सूक्ष्म स्पंद रडार तयार केले. या तंत्राची सर्वांत हृद्य कसोटी एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर लागली. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेच्या सहभागाने तयार झालेल्या 'फाइंडर' या रडार उपकरणाने चौतारा येथे ढिगाऱ्याखाली अडकलेल्या ४ जणांच्या हृदयाच्या ठोक्यांचा माग काढला आणि त्यांची सुटका झाली.

घरगुती उपकरणांत हे तंत्र येण्यास मोटारउद्योग कारणीभूत ठरला. मोटारींच्या रडारसाठी ॲंटेनापासून संदेशप्रक्रियेपर्यंतची सारी यंत्रणा एकाच सिलिकॉन चिपवर बसवली गेली आणि किमती उतरल्या. गूगलने २०१५ मध्ये जाहीर केलेला 'सोली' हा ६० गिगाहर्ट्झचा संवेदक २०१९ मध्ये पिक्सेल ४ या भ्रमणध्वनीत आणि २०२१ मध्ये झोपेची नोंद ठेवण्यासाठी नेस्ट हबच्या दुसऱ्या पिढीत आला. पुढील वर्षांत अकारा कंपनीचे एफपी१ व एफपी२ हे तयार संवेदक आणि हाय-लिंक कंपनीची एलडी२४१० सारखी स्वस्त मॉड्यूल बाजारात उपलब्ध झाली. हौशी तंत्रज्ञांमध्ये या संवेदकांचा प्रसार होण्याचे मोठे श्रेय या मॉड्यूलांकडे जाते.

कार्यतत्त्व

सर्वांत साधा प्रकार डॉप्लर परिणामावर चालतो. संवेदक एकाच वारंवारतेची लहर अखंड सोडतो. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता किंचित बदललेली असते आणि हा फरक वस्तूच्या वेगाच्या दुपटीला तरंगलांबीने भागून मिळतो. २४ गिगाहर्ट्झच्या संवेदकाकडे सेकंदाला १ मीटर वेगाने चालत येणारा माणूस १६० हर्ट्झचा फरक निर्माण करतो, तर ६० गिगाहर्ट्झला तोच फरक ४०० हर्ट्झ होतो. या पद्धतीत हालचाल उत्तम कळते, पण ती किती अंतरावर झाली हे कळत नाही. शेजारच्या खोलीतील हालचाल आणि समोरची हालचाल यांत तिला भेद करता येत नाही.

ही उणीव वारंवारता-अधिमिश्रित अखंड तरंग पद्धतीने दूर होते. या पद्धतीत लहरीची वारंवारता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत चढवत नेली जाते. संगीतातील मींडेप्रमाणे ती खालच्या स्वरावरून वरच्या स्वरावर न तुटता सरकते. परत आलेली लहर प्रवासात खर्च झालेल्या वेळेइतकी मागे असते. तोवर संवेदक वरच्या वारंवारतेवर पोहोचलेला असतो. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळल्या की त्यांच्यातील फरकाची एक नीच वारंवारता मिळते आणि तीवरून अंतर काढता येते. उदाहरणार्थ, १ मिलिसेकंदात २५० मेगाहर्ट्झचा पट्टा चढवणाऱ्या संवेदकापासून ३ मीटरवर बसलेला माणूस घेतल्यास, लहरीला जाऊन येण्यास २० नॅनोसेकंद लागतात आणि फरकाची वारंवारता ५ किलोहर्ट्झ येते. माणूस ६ मीटरवर असेल तर ती १० किलोहर्ट्झ होईल.

जवळजवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखण्याची क्षमता पट्टारुंदीवर अवलंबून असते. प्रकाशाच्या वेगाला पट्टारुंदीच्या दुपटीने भागले असता ती मिळते. २४ गिगाहर्ट्झजवळ सर्वसामान्य वापरासाठी २४.०० ते २४.२५ असा केवळ २५० मेगाहर्ट्झचा पट्टा असल्याने तेथील विभेदन सुमारे ६० सेंटिमीटर असते. ६० गिगाहर्ट्झजवळ ४ गिगाहर्ट्झ पट्टारुंदी वापरल्यास ते ४ सेंटिमीटरच्याही आत येते. म्हणून पलंगावरील माणूस आणि त्यामागे हलणारा पडदा यांत भेद करण्याचे काम ६० गिगाहर्ट्झचा संवेदक अधिक चांगले करतो.

स्थिर माणूस ओळखण्याचे रहस्य मात्र अंतराच्या विभेदनात नसून कलेच्या मापनात आहे. भौतिकशास्त्रात कला म्हणजे लहर आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते दर्शवणारा कोन. परावर्तक वस्तू पाव तरंगलांबीइतकी सरकली की जाण्या-येण्याचा मार्ग अर्ध्या तरंगलांबीने बदलतो आणि कला १८० अंशांनी फिरते. श्वास घेताना छाती साधारण ४ ते १२ मिलिमीटर पुढे-मागे होते. ६० गिगाहर्ट्झला १ मिलिमीटरच्या विस्थापनानेही कला १४४ अंशांनी बदलते, तर २४ गिगाहर्ट्झला सुमारे ५८ अंशांनी. म्हणजे जे अंतर संवेदकाला सेंटिमीटरांत मोजता येत नाही, त्यातील मिलिमीटरच्या अंशाचा बदल त्याला स्पष्ट दिसतो. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, त्यामुळे ०.२ ते ०.३३ हर्ट्झच्या आसपास नियमित दोलन आढळले की तेथे सजीव आहे असा निष्कर्ष काढला जातो. खुर्ची, कपाट व भिंती यांचे परावर्तन बदलत नसल्याने ते वजा करून टाकता येते. हृदयाच्या ठोक्याने छातीवर होणारे विस्थापन मिलिमीटरच्याही अंशाइतके असल्याने ते टिपण्यासाठी माणूस जवळ आणि जवळजवळ निश्चल असावा लागतो.

या मापनाला वेळ लागतो. एक श्वास पूर्ण होण्यासच ३ ते ५ सेकंद जातात. त्यामुळे बसलेल्या माणसाविषयी निर्णय घेण्यास रडार संवेदकाला काही सेकंद लागणे हा दोष नसून कार्यतत्त्वाचाच परिणाम आहे.

एकाहून अधिक ग्राहक ॲंटेना असलेल्या संवेदकांत त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या लहरींच्या कलांतील फरकावरून दिशाही काढता येते. अंतर आणि दिशा मिळाली की खोलीच्या नकाशावर माणसाचा ठिपका दाखवता येतो. हाय-लिंकचे एलडी२४५० हे मॉड्यूल अशा प्रकारे ३ व्यक्तींचा माग ठेवते. अकारा एफपी२ मध्ये खोलीचे स्वतंत्र विभाग आखून 'सोफ्यावर कोणी आहे', 'पलंगावर कोणी आहे' अशा निरनिराळ्या अटी घालता येतात.

स्मार्ट घरातील जोडणी

तयार संवेदक भ्रमणध्वनीवरील अनुप्रयोगाने जोडले जातात आणि त्यांत फारसे करण्यासारखे काही नसते. सुटी मॉड्यूल वापरणारे हौशी तंत्रज्ञ ती बहुधा ईएसपी३२ या वायफाययुक्त सूक्ष्मनियंत्रकाला जोडतात. एलडी२४१० ला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्याची एक तार 'कोणी आहे' किंवा 'कोणी नाही' एवढेच सांगते, तर संदेशवहनाच्या दोन तारांवरून अंतर व परावर्तनाची तीव्रता असा तपशील मिळतो. ईएसपीहोम ही मुक्त आज्ञावली या मॉड्यूलशी थेट बोलू शकते आणि ती माहिती होम असिस्टंट या घरातील संगणकावर चालणाऱ्या मुक्त प्रणालीकडे पाठवते. होम असिस्टंटची सुरुवात पाउलुस स्काउट्सेन यांनी २०१३ मध्ये केली.

एलडी२४१० आपल्या समोरील अंतराचे प्रत्येकी ७५ सेंटिमीटरचे टप्पे पाडते. प्रत्येक टप्प्यासाठी हलत्या माणसाचे आणि स्थिर माणसाचे अशी दोन सीमामूल्ये ० ते १०० या मापावर ठरवता येतात. संवेदकाचा खरा उपयोग या सीमामूल्यांच्या जुळवणीवर अवलंबून असतो, आणि याच पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. रूढ पद्धत अशी : खोली पूर्ण रिकामी ठेवून, पंखा व वातानुकूलन यंत्र चालू करून, प्रत्येक टप्प्यातील पार्श्वभूमीची तीव्रता काही मिनिटे नोंदवावी, नंतर नेहमीच्या जागी निश्चल बसून तीच नोंद पुन्हा घ्यावी, आणि सीमामूल्य या दोहोंच्या मध्ये ठेवावे. ज्या टप्प्यात भिंतीपलीकडचा जिना किंवा शेजारची खोली येते तो टप्पा बंद करावा. काही संवेदक वीज आल्याबरोबर स्वतःच पार्श्वभूमी शिकतात. अशा वेळी खोलीत कोणी बसलेले असल्यास तो माणूसच पार्श्वभूमीचा भाग समजला जाण्याचा संभव असतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

अनुभवी वापरकर्ते केवळ रडारवर विसंबत नाहीत. पीआयआर संवेदक दारातून येणारा माणूस अर्ध्या-एक सेकंदात ओळखतो, पण त्याचे थांबणे ओळखू शकत नाही. रडारचे याच्या उलट असते. म्हणून दिवा पीआयआरने लावावा, रडारने चालू ठेवावा आणि दोघांनीही 'कोणी नाही' असे सांगितल्यावरच विझवावा, अशी योजना सर्वांत समाधानकारक ठरते. जिना व व्हरांडा यांसारख्या, माणूस न थांबणाऱ्या जागी पीआयआर एकटाच पुरेसा असतो. तेथे रडार लावणे हा निव्वळ हौसेचा भाग आहे. स्नानगृह, अभ्यासिका आणि शयनगृह या रडारच्या योग्य जागा होत. शयनगृहात उपस्थितीवरून दिवा आपोआप लावण्याचा नियम ठेवल्यास झोपेत कूस बदलणाऱ्यावर दिव्याचा झोत पडतो. म्हणून तेथे रात्री केवळ मंद दिव्याची आणि पंखा बंद न करण्याची अट घातली जाते. भिंतीवरील हाताचे बटण कोणत्याही योजनेत शिल्लक ठेवावे लागते, अन्यथा पाहुणे आणि घरातील वडीलधारी माणसे अंधारात चाचपडत राहतात.

छताचा पंखा आणि इतर अडथळे

भारतीय घरांत रडार संवेदकाचा मुख्य शत्रू छताचा पंखा आहे. युरोप-अमेरिकेतील शयनगृहे समोर ठेवून लिहिलेल्या सूचनापुस्तिकांत त्याचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकलेला असतो. १२०० मिलिमीटर व्यासाचा, मिनिटाला ३०० फेरे घेणारा पंखा घेतल्यास पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर येतो. चालणाऱ्या माणसाच्या वेगाच्या हा दहापटीहून अधिक आहे. त्यामुळे पंखा आणि माणूस वेगळे ओळखणे सोपे असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु संवेदकाचे नमुने घेण्याचा वेग तितका नसल्यास हा मोठा वेग दुमडून लहान भासतो. चित्रपटात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, त्यातलाच हा प्रकार आहे. शिवाय पाती धातूची असल्याने त्यांचे परावर्तन माणसाच्या छातीपेक्षा कितीतरी प्रबळ असते. परिणामी पंखा चालू असेतोवर खोलीत कोणीतरी आहे असेच संवेदक सांगत राहतो; पंखा उपस्थितीवर चालवायचा असेल तर तो स्वतःलाच कधी बंद होऊ देत नाही.

यावर उपाय मुख्यतः जागेच्या निवडीचा आहे. ६० अंशांचा अर्धकोन असलेला संवेदक छतावर खाली तोंड करून लावल्यास आणि पाती छतापासून ३० सेंटिमीटर खाली असल्यास, त्या पातळीवर संवेदकाचा शंकू सुमारे ५२ सेंटिमीटर त्रिज्येचा असतो. त्यात पात्याची ६० सेंटिमीटर लांबी मिळवली की पंख्याच्या दांड्यापासून किमान १ मीटर १२ सेंटिमीटर, व्यवहारात सव्वा मीटर अंतर राखावे लागते. दहा फूट रुंदीच्या खोलीत मध्यभागी पंखा असेल तर हे अंतर भिंतीजवळ जेमतेम मिळते. दुसरा पर्याय म्हणजे संवेदक कोपऱ्यात सुमारे २ मीटर उंचीवर लावून त्याचे तोंड ४५ अंश खाली वळवणे. तेव्हा पंखा शंकूच्या कडेला जातो. फरशीवरून उलटणाऱ्या परावर्तनामुळे पंख्याचा अंश तरीही उरतोच आणि तो सीमामूल्यांनी हाताळावा लागतो.

वाऱ्याने हलणारे पडदे, वाळत घातलेले कपडे आणि कुंडीतील लांब पानांची झाडे यांमुळेही खोटी उपस्थिती दिसते. घरातील मांजर व कुत्रा यांचाही श्वास चालूच असतो. लोखंडी कपाट आरशाप्रमाणे काम करते आणि त्याच्या दिशेला, प्रत्यक्षात नसलेला माणूस उभा करते. उलट दिशेने, संवेदकाकडे पाठ किंवा कूस करून जाड पांघरुणात झोपलेल्या माणसाच्या छातीचे विस्थापन फार कमी पोहोचते आणि संवेदक त्याला हरवतो.

लाकूड, प्लायवूड, काच, जिप्सम आणि प्लॅस्टिक यांतून हे तरंग कमी-अधिक प्रमाणात आरपार जातात. त्यामुळे संवेदक प्लॅस्टिकच्या आवरणामागे लपवता येतो, पण प्लायवूडच्या आडभिंतीपलीकडचा माणूसही त्याला दिसतो. विटांची जाड भिंत व काँक्रीट त्यांना मोठ्या प्रमाणात अडवतात. धातू पूर्णपणे अडवतो.

वीजबचतीचा हिशेब

रडार संवेदकामुळे वीज वाचते हे विधान सरसकट खरे नाही. पीआयआर संवेदक नाण्याएवढ्या विद्युतघटावर वर्षभर किंवा अधिक काळ चालू शकतो; रडारला मात्र अखंड लहर सोडावी लागते. मॉड्यूल, वायफाय सूक्ष्मनियंत्रक आणि पुरवठ्याचा अडॅप्टर मिळून १ वॅट धरला, तर वर्षाला ८.७६ युनिट वीज संवेदकच वापरतो. ९ वॅटचा एक एलईडी दिवा एवढ्या विजेत ९७३ तास जळतो. म्हणजे विसराळूपणामुळे तो दिवा रोज २ तास ४० मिनिटांपेक्षा कमी वेळ विनाकारण जळत असेल, तर संवेदक बसवल्याने वीजवापर वाढतो. ७५ वॅटच्या पंख्यासाठी हीच मर्यादा रोज सुमारे १९ मिनिटे आहे आणि वातानुकूलन यंत्रासाठी तर एक-दोन मिनिटेच. तेव्हा एका दिव्यासाठी रडार ही सोय आहे, बचत नव्हे. बचतीचा विचार पंखा आणि वातानुकूलन यंत्रापासूनच सुरू होतो.

सुरक्षितता आणि मर्यादा

हे तरंग आयनीकारक नाहीत. घरगुती संवेदकांची प्रक्षेपणशक्ती अल्प असते. युरोपात २४ गिगाहर्ट्झच्या सर्वसाधारण उपकरणांसाठी ती १०० मिलिवॅटपर्यंत मर्यादित आहे. ६० गिगाहर्ट्झचे तरंग त्वचेत मिलिमीटरभरही खोल जात नाहीत. प्रत्यक्ष धोका संभवतो तो २३० व्होल्टच्या जोडणीत. भिंतीतील बटणांच्या पेटीत संवेदक व रिले बसवण्याचे काम जाणकार वायरमननेच करावे.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या देखरेखीसाठी, विशेषतः स्नानगृहातील पडझड ओळखण्यासाठी, रडार संवेदक सुचवले जातात. कॅमेरा जेथे लावता येत नाही तेथे ते उपयुक्त आहेत यात शंका नाही. तरीही साधा उपस्थिती संवेदक पडलेला माणूस आणि बसलेला माणूस यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी उंचीचाही माग ठेवणारी, पडझड ओळखण्यासाठीच रचलेली उपकरणे लागतात. 'नेहमीपेक्षा अधिक वेळ स्नानगृहात कोणीतरी आहे' एवढी सूचना साध्या संवेदकावरून देता येते आणि अनेक कुटुंबांना ती पुरेशीही ठरते; परंतु इंटरनेट किंवा वीज बंद पडल्यास ती मिळणार नाही हे गृहीत धरावे लागते. वायू किंवा धूर ओळखणाऱ्या यंत्राची जागा हा संवेदक घेऊ शकत नाही. घरात कोणी नाही असे तो सांगतो म्हणून शेगडी किंवा गिझर आपोआप चालू करणेही धोक्याचे असते, कारण त्याचे 'नाही' कधीकधी चुकते.

मोटारींमध्ये बंद गाडीत राहून गेलेले मूल ओळखण्यासाठी हेच तंत्र वापरले जाते. युरो एनकॅप ही वाहनसुरक्षा मूल्यांकन संस्था २०२३ पासून अशा सुविधेला गुण देते.

खासगीपणा

रडार संवेदक चेहरा पाहत नाही आणि आवाज ऐकत नाही, म्हणून तो कॅमेऱ्यापेक्षा सभ्य मानला जातो. हे अंशतःच खरे आहे. कोण कधी उठले, रात्री किती वेळा स्नानगृहात गेले, दुपारी घरात किती माणसे होती आणि घर कोणत्या दिवशी रिकामे होते, हा सर्व तपशील उपस्थितीच्या नोंदीतून उलगडतो. घरमालकाने भाडेकरूच्या खोलीत किंवा कुटुंबाने घरकामास येणाऱ्या व्यक्तीच्या नकळत असा संवेदक बसवल्यास ती पाळतच ठरते. कॅमेरा निदान दिसतो. छताच्या आवरणामागील रडार दिसत नाही.

भिंतीपलीकडे पाहण्याच्या तंत्राचा प्रश्न अमेरिकेच्या न्यायालयांत आलेला आहे. कायलो विरुद्ध अमेरिका या खटल्यात २००१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने घराचे उष्णताचित्र वॉरंटशिवाय घेणे ही झडतीच होय असा निर्णय दिला. कॅन्सस राज्यातील विचिटा येथे पोलिसांनी घरात कोणी आहे का हे पाहण्यासाठी हातातील डॉप्लर रडार वापरल्याच्या प्रकरणात, २०१४ मध्ये अपील न्यायालयाने अटक वैध ठरवली, पण अशा उपकरणाच्या वापरातून गंभीर प्रश्न उद्भवतात असेही नमूद केले. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मात्र व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. संवेदकाची माहिती आपल्या सर्व्हरवर साठवणाऱ्या कंपनीचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

या दृष्टीने माहिती कोठे साठते हा खरेदीपूर्वी पाहण्याचा पहिला मुद्दा ठरतो. काही तयार संवेदक कंपनीच्या दूरस्थ सेवेशिवाय चालतच नाहीत. इतर काही घरातल्या घरात काम करतात. होम असिस्टंटची नोंदवही मुळात १० दिवसांचाच तपशील ठेवते. हा कालावधी कमी-जास्त करता येतो आणि एखाद्या खोलीतील संवेदकाची नोंद, त्याचे दिवे लावण्याचे काम चालू ठेवूनही, पूर्णपणे वगळता येते.